किटलीखालची डिस्क

गॅरेजात चहाची किटली ठेवायला माझ्याकडे एक गोल पोलादी अडणी होती. मधे मोठं भोक, त्याच्या कडेनं बोल्टांची भोकं, आणि अंगावर पस्तीस वर्षांच्या चहाचे डाग. येणारा-जाणारा तिच्याकडे बघायचाही नाही. एखाद्या जाणकाराला कळायचं, तो गालात हसायचा. गेल्या श्रावणात राधानगरीकडचा एक पोरगा टेंपोत घालून एक गाडी घेऊन आला, आणि त्या अडणीचं मूळ नाव मला पुन्हा घ्यावं लागलं.

गाडी एन्फिल्ड फ्युरी. टाकीवर कोंबड्या बसून बसून रंगाची रया गेलेली, सीटच्या फोममध्ये उंदरांचा संसार. आजोबांची गाडी, गोठ्यात वीस वर्षं उभी. पोरगा म्हणाला, "काका, इंजिन फिरतंय, मागचं चाक फिरतंय, पुढचं काय हालंनाच झालंय. चौघांनी उचलून टेंपोत घातली बघा."

मी खाली बसलो, पुढच्या चाकाजवळ तोंड नेलं आणि टॉर्च मारली. पॅडचा मसाला संपून नुसती पत्र्याची पाठ डिस्कला घासलेली. डिस्कवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन गंजून जागेवरच बसलेला. ही गाडी बंद पडली ती इंजिनामुळे नव्हे, पुढच्या ब्रेकमुळे, हे मला तिथंच कळलं. कारण अशी गाडी मी याआधी पाहिली होती. तिचा घोटाळा करण्यात माझाही हात होता.

मी शिवाजी उद्यमनगरात कामाला लागलो 1982 साली, पंधराव्या वर्षी. उद्यमनगर म्हणजे तेव्हा ओतकामाच्या भट्ट्या, लेथ, आणि रस्त्यावर सांडलेली काळी माती. शेतीच्या पंपाची ऑइल इंजिनं आणि उसाचे चरक यांच्या जिवावर कोल्हापूरचं हे कारागिरीचं गाव उभं राहिलं. आमचं गॅरेज एका लेथवाल्याच्या शेजारी होतं. मेस्त्रींचा नियम असा की पहिलं वर्षभर पोरानं पान्हा धरायचा नाही, फक्त ब्रेक शू.

ब्रेक शूचं काम आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटेल. झिजलेला शू घ्यायचा, छिन्नीनं जुन्या रिव्हेटांची डोकी उडवायची, नवा लायनर वाकवून शूवर बसवायचा, रिव्हेट घालून पंचानं ठोकायची. रिव्हेटचं डोकं लायनरच्या पोटात खोल गेलं पाहिजे, नाहीतर ड्रम खरवडतो. शेवटी दोन्ही टोकं कानशीनं थोडी उतरती करायची, म्हणजे ब्रेक दाबला की गाडी दचकत नाही. दिवसाला सात-आठ जोड्या व्हायच्या. झाल्यावर मेस्त्री ड्रममधली काळी धूळ तोंडानं फुंकायचे. त्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. आम्हाला ते नावसुद्धा ठाऊक नव्हतं. मेस्त्रींचा खोकला आम्ही सगळे बिडीच्या खात्यावर टाकायचो.

लायनरच्या खोक्यावर बहुतेकदा फेरोडो हे नाव असायचं. घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना होता. हे नाव कुठून आलं हे मला फार पुढं कळलं. हर्बर्ट फ्रूड नावाच्या इंग्रजाच्या आडनावाची अक्षरं उलटीपालटी करून, एक अक्षर जास्तीचं घालून ते बनवलेलं. त्याची गोष्ट अशी सांगतात की डर्बीशायरच्या डोंगराळ भागात गाडीवान उतारावर घोडागाडी आवरायला ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटांचं चामडं लावत. ते बघून त्यानं ब्रेकचं अस्तर बनवायला घेतलं आणि 1897 साली धंदा सुरू केला. मला ही गोष्ट आवडते, कारण माझे आजोबा बैलगाडीनं कोकणात उतरायचे, आणि घाटात चाकाला लाकडी ठोकळा घासत गाडी कशी आवरायची याची वर्णनं आम्ही लहानपणी रात्री ऐकलेली. जळक्या लाकडाचा वास यायला लागला की बैल सोडायचे आणि तंबाखू मळायची, असा त्यांचा हिशेब होता.

ड्रम ब्रेकचं दुखणं तेच. कोल्हापूरहून गगनबावड्याला जा, तिथून करूळ घाट उतरून वैभववाडीला. त्या काळी बुलेट घ्या, जावा घ्या, राजदूत घ्या, सगळ्यांना पुढं-मागं ड्रम. दोन-चार वळणं ठीक जातात. मग ड्रम तापतो. तापलं की लोखंड फुगतं, म्हणजे ड्रम शूपासून लांब सरकतो. शू आतून बाहेर दाबतोय आणि ड्रम त्याच्यापासून पळतोय. त्यात लायनरही तापून गुळगुळीत होतो. लिव्हर मुठीला टेकते आणि गाडी मात्र आपल्या मर्जीनं चालते. पावसाळ्यात याच्या उलट. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि पुढचा अर्धा फर्लांग ब्रेकच नसतो. बावड्याला गेलेला प्रत्येक मोटारसायकलवाला हे शिकूनच परत यायचा.

डिस्कला हे दोन्ही रोग कमी. ती उघड्यावर फिरते, वारा लागतो, पाणी फेकून देते. तापून फुगली तरी पॅडच्या अंगावरच येते, पळून जात नाही. आणि ही युक्ती काही नवी नव्हती. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरनं 1902 सालीच तिचं पेटंट घेतलं होतं. त्याच्या पॅडला तांब्याचं अस्तर होतं, आणि ब्रेक दाबला की तांबं पोलादावर घासून अशी किंकाळी उठायची की लोक कानावर हात ठेवायचे. कल्पना चांगली, मसाला वाईट, म्हणून ती पन्नास वर्षं जवळपास पडून राहिली. 1953 साली ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जग्वारच्या गाड्या डनलॉपच्या डिस्क लावून उतरल्या आणि जिंकल्या. तिथून मोटारवाल्यांना जाग आली.

दुचाकीवर ती आली तेव्हा आधी स्कूटरवर आली, याचं मला अजून नवल वाटतं. इटलीच्या लॅम्ब्रेटा टीव्ही 175 ला 1962 साली पुढं डिस्क होती. केबलनं ओढायची, आणि हबच्या पोटात झाकलेली. त्याच वर्षांत आपल्या भांडुपला लॅम्ब्रेटा तयार होत होत्या, पण त्यांना ड्रम. मग 1969 साली होंडाची सीबी 750 आली. मोठी चार सिलिंडरची गाडी, आणि पुढं तेलाच्या दाबावर चालणारी, लखलखीत, उघडी डिस्क. तिथून पुढं जगात गाडी वेगवान म्हणायची तर पुढं डिस्क हवीच असं ठरून गेलं.

जगात ठरलं, आपल्याकडे नाही. यामाहाची आरडी 350 जपानमध्ये पुढं डिस्क लावून विकली गेली. तीच गाडी एस्कॉर्ट्सनं 1983 साली राजदूत 350 म्हणून इथं आणली, तेव्हा किंमत आवाक्यात ठेवायला डिस्क काढून ड्रम बसवला. त्या काळातली सगळ्यात पळणारी गाडी, आणि ती थांबवायला ड्रम! तिच्यावरून पडलेल्यांची हाडं किती जुळली याचा हिशेब कोल्हापुरातल्या हाडवैद्यांकडे असेल. पाठोपाठ सुझुकी, यामाहा, होंडा, कावासाकी यांच्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या, सगळ्या ड्रमच्या. शंभर सीसीला ते पुरायचंही.

आणि या सगळ्यांत मद्रासची एन्फिल्ड कंपनी, जिची बुलेट पन्नासच्या दशकापासून होती तशीच चालली होती, तिनं 1984 च्या सुमारास एकदम एक पाऊल पुढं टाकलं. जर्मनीच्या झ्युंडॅप कंपनीच्या केएस 175 वरून तिनं फ्युरी बनवली. पाच गिअर, आतून हार्ड क्रोम केलेला बिनस्लीव्हचा सिलिंडर, आणि पुढं ब्रेंबो कंपनीची तेलावर चालणारी डिस्क. भारतात बनलेल्या मोटारसायकलीवर या तिन्ही गोष्टी एकत्र पहिल्यांदाच. गंमत म्हणजे ज्या झ्युंडॅपचा हा नकाशा, ती म्युनिकची कंपनी 1984 मध्येच दिवाळखोरीत गेली आणि तिची यंत्रं चीननं उचलली. म्हणजे आमच्या हातात गाडी पडली तेव्हा तिचं माहेरच उठलेलं होतं.

उद्यमनगरात पहिली फ्युरी मी पाहिली ती 1986 साली. एका साखर कारखान्यातल्या शेतकी अधिकाऱ्याची होती. गाडीभोवती पंधरा माणसं जमली. मेस्त्रींनी पुढच्या चाकाकडे बघितलं, डिस्कवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही ताटली कशाला लावलीय रं?" कुणीतरी सांगितलं की ब्रेक आहे. मेस्त्री म्हणाले, "असला उघडा ब्रेक? चिखलात घाण बसंल त्येच्यात." आणि आत निघून गेले. मी मात्र तिथंच उभा. एक बोट लिव्हरवर ठेवून गाडी ढकलली तरी जागच्या जागी थांबायची. शू ठोकून ठोकून हाताला घट्टे पडलेल्या पोराला ते बघून काय वाटलं असेल, ते मी काही लिहीत नाही.

दोन वर्षांनी तीच गाडी आमच्याकडे आली. लिव्हर मुठीपर्यंत जातेय अशी तक्रार. हँडलवरची डबी उघडली तर तेल तळाला, आणि चहासारखं तपकिरी. दोन वर्षांत ते कुणी बदललं नव्हतं. बदलायचं असतं हे मालकाला माहीत नव्हतं, आम्हाला तर अजिबातच नव्हतं. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी शोषतं. पाण्यानं त्याचा उकळण्याचा बिंदू खाली येतो. डॉट 3 चं तेल कोरं असताना 205 अंशांपर्यंत दम धरतं, पाणी पिऊन मुरलं की 140 च्या आसपासच उकळायला लागतं. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दबते, आणि लिव्हर दाबूनही पॅडवर जोर पोचत नाही. हे सगळं मला आज पाठ आहे. तेव्हा मेस्त्रींनी कोपऱ्यातून जॅकच्या तेलाचा डबा उचलला. "तेल ते तेल. दाब द्यायचा, बास." मी स्वतःच्या हातानं ओतलं. शपथेवर सांगतो, ओतताना मला अभिमान वाटत होता.

ब्रेकच्या तेलाला चालणारं रबर खनिज तेलात फुगतं. एका रात्रीत नाही, हळूहळू. तीन आठवड्यांनी तो अधिकारी बावड्याकडं निघाला आणि वाटेत ब्रेक लागला तो सुटेचना. सील फुगून पिस्टनला आवळून बसलेले, हँडलवरच्या मास्टर सिलिंडरमधला वाटीसारखा रबर फुगलेला, तेल मागं यायला वाट नाही. डिस्क तापून एका बाजूला निळी पडली. भला माणूस, त्यानं पान्ह्यानं नळीचा बोल्ट सैल केला, तेल रस्त्यावर सोडलं, आणि नुसत्या मागच्या ब्रेकवर गाडी परत आणली. आम्हाला शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सील मिळेना. मुंबईहून, पुण्याहून, कुठूनच नाही. तेव्हा मेस्त्रींनी त्यांच्या मते शहाणपणाचा निर्णय घेतला. दुसऱ्या एका गाडीचं ड्रमचं पुढचं चाक, लेथवर बुश काढून, आरमच्या पट्टीला कान जोडून फ्युरीला बसवलं. काम सुबक झालं, खोटं बोलणार नाही. आणि मला सांगितलं, "ती ताटली टाकू नको. किटलीखाली ठेव."

त्यानंतर आमच्या गॅरेजात आणखी दोन फ्युरींच्या डिस्क मी उतरवल्या. सिलिंडरचंही असंच. हार्ड क्रोम खरवडला की लोखंडी स्लीव्हसारखा बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन घालता येत नाही, मग त्यात कोल्हापुरी स्लीव्ह ठोकायचा. पुढची काही वर्षं आम्ही फ्युरीला पुन्हा राजदूत करून सोडत होतो, असं म्हटलं तरी चालेल. नव्वदच्या दशकात ती बनायची बंदच झाली. गाडी चालली नाही, लोकांना परवडली नाही, अशी कारणं सांगतात, ती असतील. मला मात्र असं वाटतं की एका नव्या ब्रेकबरोबर तो दुरुस्त करणारा माणूसही गावोगाव पोचावा लागतो. तसा माणूस तेव्हा पोचला नाही. पोचले ते आम्ही.

तर राधानगरीच्या गाडीकडे येतो.

आधी पिस्टन बाहेर काढायचा. कॅलिपर धरून मी नळीच्या भोकातून हवा सोडली, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं, आणि पिस्टनसमोर लाकडाची फळी धरली. हे फळीचं विसरू नये. गंजलेला पिस्टन आधी हलत नाही, मग गोळीसारखा सुटतो. एका ओळखीच्या माणसाचं बोट मी असं चपटं झालेलं पाहिलंय. आमचा पिस्टन तीन दिवस पेट्रोल-डिझेलच्या मिश्रणात भिजला, मग कॅलिपर थोडा गरम केला, मग पुन्हा हवा. चौथ्या दिवशी फळीवर आपटला.

बाहेर आल्यावर दिसलं ते अपेक्षेप्रमाणंच. धूळ अडवणारं रबर जिथं संपतं तिथं पिस्टनच्या अंगावर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. तेलात मुरलेल्या पाण्यानं आतून आणि पावसानं बाहेरून खाल्लेला. असा पिस्टन पॉलिश पेपरनं घासून चालत नाही. खड्डा राहिला तर तेल गळतं, खड्डा जाईपर्यंत घासलं तर पिस्टन सैल होतो. दोन वाटा असतात. जुना हार्ड क्रोम करून ग्राइंड करायचा, किंवा नवा करायचा. मी नवा केला. शेजारच्या लेथवाल्याचा मुलगा आता तो लेथ चालवतो. त्याच्याकडून स्टेनलेसच्या सळीतून काढून घेतला, भोकापेक्षा मिलिमीटरचे पाच शतांश बारीक, आणि शेवटी हजार नंबरच्या पेपरवर तेल लावून, मऊ हातानं फिरवून चकचकीत केला. पोरगा जवळ उभा राहून मोबाइलवर चित्रण करत होता. मी म्हटलं, "चित्र कसलं काढतोस, मायक्रोमीटर धर." त्याला वाचता येईना. तासभर तेच शिकवलं. त्या तासाचे पैसे लावले नाहीत.

कॅलिपरमध्ये खरी हुशारी कुठं असेल तर ती सीलच्या खाचेत. हे सील गोल नसतं, चौकोनी पोटाचं असतं. ब्रेक दाबला की पिस्टन पुढं सरकतो, सील त्याला धरून थोडं तिरकं होतं. लिव्हर सोडली की सील सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागं ओढतं. स्प्रिंग नाही, काही नाही. तेवढ्या केसभरावर चाक मोकळं फिरतं. आता या खाचेत वर्षानुवर्षांचा पांढरा चुरा जमतो. तो सीलला खालून ढकलतो, सील पिस्टनला आवळतं, आणि ब्रेक धरून राहतो. पुष्कळ जण नवं सील घालतात आणि खाच साफ करत नाहीत, मग ब्रेक पुन्हा चिकटला म्हणून सीलवाल्याला शिव्या देतात. पितळेच्या पट्टीला टोक करून मी ती खाच खरवडली, अर्धा दिवस. पोलादाचं हत्यार लावायचं नाही, चरा पडला तर कॅलिपरच गेला.

सील मिळायला तीन आठवडे गेले. कोल्हापुरात नाही मिळालं. पुण्याला नाना पेठेत तीन गल्ल्या फिरलो. शेवटी माप घेऊन, आत्ताच्या एका नव्या गाडीचं जुळलं. कुठल्या गाडीचं ते मुद्दाम लिहीत नाही. कुणीतरी वाचेल, माप न घेता आणून बसवेल आणि घाटात जाईल. एक मात्र सांगतो, दुकानदार इंजिनाचं साधं काळं ऑइल सील पुढं करतो, ते घेऊ नये. ते ब्रेकच्या तेलात टिकत नाही. एकदा उलट बाजूनं ही चूक केलेली आहे, दुसऱ्यांदा सरळ बाजूनं करायची नव्हती.

मास्टर सिलिंडर वरून चांगला होता, पण लिव्हर सोडल्यावर तेल परत डबीत येत नव्हतं. डबीच्या तळाशी दोन भोकं असतात, एक दिसतं आणि एक दिसत नाही. न दिसणारं इतकं बारीक की सुईही जात नाही, आणि तेच महत्त्वाचं. ते बुजलं की दाब परत जात नाही. आमच्या नशिबानं मिरज जवळ. तिथल्या सतारी सगळ्या देशात जातात, आणि सतारीची सगळ्यात बारीक तार त्या भोकासाठी देवानं बनवलीय असं मला वाटतं. एका ओळखीच्या तंतुवाद्य कारागिराकडून वीतभर तुकडा आणून ठेवलाय. पानतंबाखूच्या डबीत असतो.

तांब्याचे वायसर नवे घेतले नाहीत. जुनेच गॅसवर लाल केले आणि पाण्यात टाकले. तांबं असं केलं की मऊ होतं आणि पुन्हा चिकटून बसतं. पॅडच्या पत्र्याच्या पाठी शाबूत होत्या. त्यांच्यावर नवा, बिनअॅस्बेस्टॉसचा मसाला चिकटवून भट्टीत भाजून घेतला.

राहिली डिस्क. पोराच्या डिस्कची कड, जिथं पॅड पोचत नाही, ती आणि मधली घासलेली पट्टी यांच्यात 1.1 मिलिमीटरचा फरक. रेघा तर मोजायच्याच नाहीत. ग्राइंड करून सपाट करता आली असती, पण मग पत्रा उरला असता. पातळ डिस्क लवकर तापते, तापली की वाकते. मी नाही म्हणालो. पोरगा गप्प झाला. मग त्यानं परदेशातून मागवायची किंमत मोबाइलवर दाखवली, ती गाडीच्या किमतीच्या निम्मी होती.

त्याच वेळी हिनं चहा आणला आणि किटली अडणीवर ठेवली. मी किटली उचलली, अडणी उलटी केली आणि टॉर्च मारली. चहाचे डाग, गंजाची पावडर, एका बाजूला फिकट निळी झाक. 1988 सालची. तीच गाडी असती तर गोष्ट अजून छान झाली असती. तीच नव्हती, त्या अधिकाऱ्याची गाडी पुढं कुठं गेली कुणास ठाऊक. पण मॉडेल तेच, बोल्टांची भोकं तंतोतंत तीच. आठ जागी मायक्रोमीटर लावला. सगळ्यात जाड आणि सगळ्यात पातळ जागेत फक्त तीन शतांशांचा फरक. दोन वर्षं चालली आणि पस्तीस वर्षं आराम केला, झिजणार कुठून? उद्यमनगरात ग्राइंडिंगवाल्याकडे चुंबकाच्या पाटावर धरून दोन्ही तोंडं जेमतेम गंज जाईपर्यंत साफ करून घेतली. चाकाला बसवून डायल लावला. काटा एका दशांशाच्या आतच हलत होता. तापून निळी झालेली डिस्क वाकलेली असणार, ही माझी भीती होती. किटलीनं सांभाळली म्हणायची.

हे काम चाललं असताना समोरच्या रस्त्यावरून गाड्या जात-येत होत्या, आणि त्यांतल्या बहुतेकांना पुढं डिस्क. 1999 साली हिरो होंडाची सीबीझेड आली, दोन वर्षांनी पल्सर, आणि डिस्क गावात रुजली. तेव्हा आम्ही, म्हणजे चाळिशीकडे झुकलेले गॅरेजवाले, कंपन्यांच्या शिबिरांना जाऊन बाकड्यावर बसलो आणि एअर कशी काढायची ते शिकलो. मेस्त्री तेव्हा नव्हते. 2019 च्या 1 एप्रिलपासून 125 सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं झालं. आणि ज्या ब्रेंबोचा कॅलिपर आम्हाला परग्रहावरून पडल्यासारखा वाटला होता, तिचा कारखाना आता आपल्या पुण्याजवळ चाकणला आहे. तिथं बायब्रे नावानं लहान गाड्यांचे ब्रेक बनतात, आणि चाकणलाच बनणाऱ्या केटीएमला लागतात. त्या कारखान्यावरून एसटीनं जाताना मी खिडकीतून बघत राहिलो. शेजारच्याला वाटलं, तिथं पोरगा नोकरीला आहे.

एअर काढायला संध्याकाळ गेली. कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक काचेच्या बरणीत तेलात बुडवलेलं. पोरगा लिव्हर दाबतो, मी निपल सोडतो, बंद करतो, तो लिव्हर सोडतो. आधी तपकिरी घाण, मग फेस, मग मोठे बुडबुडे, मग बारीक. "आता झालं?" "दाब." "झालं की काका." "दाब." शेवटचा बुडबुडा निघायला अर्धा तास लागला. मग लिव्हर दगडासारखी लागली. चाक उचलून फिरवलं, पाच फेरे मोकळं फिरलं. एक बोट टेकवलं, थांबलं.

दुसऱ्या दिवशी जोतिबाच्या डोंगरावर पोराला मागं बसवून मी घेऊन गेलो. वर जाताना काही नाही. उतरताना आधी हळू, वीस-पंचवीस वेळा हलकेच दाबत, म्हणजे मसाला आणि डिस्क एकमेकांना ओळखतात. मग एका वळणाआधी नीट दाबला. डिस्क बारीक शिट्टी मारते, अजून मारते. लँचेस्टरच्या तांब्याची किंकाळी कशी असेल ते माहीत नाही, पण ही शिट्टी मला चालते.

हिशेब करताना डिस्कचे पैसे काय लावायचे ते कळेना. पोरगा म्हणाला, त्याची जुनी डिस्क इथंच ठेवा, त्याला भंगारात टाकायची आहे. मी ठेवली. आता किटली तिच्यावर असते. झिजून कडेला ओठ आल्यामुळे किटली घसरत नाही, आधीच्या डिस्कवर घसरायची.